इंजिन कोणाचं खातंय? डिझेल इंजिन सुरू होताना रेस होणं आणि खरोखर सुटणं

हँडल मारलं, डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब मोकळा करणारा लिव्हर) सोडलं, पहिला ठोका पडला आणि इंजिन एकदम वर चढलं. इथून पुढचे तीन सेकंद मोलाचे. तेवढ्यात आवाज खाली आला तर ती इंजिनाची रोजची रीत. खाली आला नाही, डिझेल तोडणारा स्टॉप लिव्हर ओढूनही चढतच राहिला, तर समोरचं यंत्र आता किल्लीचं ऐकणार नाही आणि लिव्हरचंही नाही.

मी कृष्णाकाठच्या गावांमध्ये शेतीपंपाची इंजिनं, ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्या दुरुस्त करतो. आमच्याकडे या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे, ‘इंजिन रेस झालं’. शब्द एक झाल्यामुळे घोळ होतो. कोणी साध्या रेसला घाबरून चांगला डिझेल पंप खोलून बसतं, आणि कोणी खऱ्या सुटलेल्या इंजिनापुढे ‘बसेल आपोआप’ म्हणून उभं राहतं. दुसरी चूक जिवावर बेतते. म्हणून या लेखात मी दोन शब्द वेगळे ठेवणार आहे. सुरू होताना क्षणभर वर जाणं म्हणजे रेस. कोणालाही न जुमानता वरच जात राहणं म्हणजे सुटणं.

ओळखण्यासाठी मनात एकच प्रश्न ठेवायचा: इंजिन कोणाचं खातंय? नोझलमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडातून) येणारं स्वतःचं डिझेल खात असेल तर डिझेल तोडलं की ते थांबतं. दुसऱ्या वाटेनं येणारं ऑइल किंवा गॅस खात असेल तर डिझेल तोडून काही होत नाही, हवाच तोडावी लागते.

सुरू होताना इंजिन वर का जातं

पेट्रोल इंजिनात ठिणगी बंद केली की काम संपतं. डिझेलला ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा १६-१७ पट दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जातं, आणि त्या तापलेल्या हवेत जे जळण्याजोगं येईल ते पेटतं. हवा बहुतेक इंजिनांत मोकळीच आत येते. वेग ठरतो तो डिझेल किती सोडलं यावर, आणि ते ठरवतो गव्हर्नर.

गव्हर्नरची रचना समजली की अर्धं कोडं सुटतं. त्यात फिरणारी वजनं असतात आणि त्यांच्याविरुद्ध ओढणारी स्प्रिंग. इंजिन फिरू लागलं की वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, ‘कमी डिझेल’कडे ढकलतात. पण इंजिन बंद असताना वजनं मिटलेली असतात. तेव्हा एकटी स्प्रिंग काम करते आणि रॅकला पूर्ण डिझेलच्या बाजूला नेऊन ठेवते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण थंड इंजिनाला पेट घ्यायला जास्त डिझेल लागतं. म्हणजे तुम्ही हँडल मारता तेव्हा रॅक पूर्ण उघडा असतो. पहिले दोन-चार ठोके त्या भरपूर डिझेलवर पडतात, इंजिन उसळतं, मग वजनं फाकतात, रॅक मागे येतो आणि वेग बसतो. रोटरी पंपाच्या (एकाच फिरत्या डोक्यानं सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणाऱ्या पंपाच्या) गाड्यांतही सुरू होताना असंच जादा डिझेल मिळतं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे एका सामायिक नळीतून जबर दाबानं सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या नव्या गाड्यांत, हेच काम कॉम्प्युटर हिशेबानं करतो, त्यामुळे उसळी लहान असते.

सेल्फ मारल्यावर आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा क्षणभर १२०० ते १५०० वर जाऊन, थंड इंजिन असेल तर ९००-१००० वर आणि गरम झाल्यावर ७५०-८५० च्या आसपास स्थिरावत असेल, तर हरकत नाही. शेतीपंपाचं १५०० आरपीएमचं इंजिन थ्रॉटल उघडा ठेवून सुरू केलं तर ते जोरात उसळणारच. पुष्कळ शेतकरी तसंच करतात. माझं सांगणं एवढंच, की त्या पहिल्या सेकंदात ऑइल अजून बेरिंगपर्यंत पोचलेलं नसतं. थ्रॉटल कमी ठेवून सुरू करा, पाच-दहा सेकंद तसंच चालू द्या, मग वाढवा. टर्बोच्या (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) गाडीत तर सुरू होताना ॲक्सिलरेटरला पायच लावू नका.

पहिल्या तीन सेकंदांत काय पाहायचं

आधी कान. साध्या रेसचा आवाज उसळतो आणि लगेच कलतो, जसा वर फेकलेला चेंडू. सुटलेल्या इंजिनाच्या आवाजाला उतार नसतो. ठोके एकमेकांत मिसळतात, आवाज बारीक होत जातो आणि जमीन थरथरू लागते. तिसरा प्रकार म्हणजे वर-खाली, वर-खाली असं झोके घेणं. ते सुटणं नव्हे. ती गव्हर्नरची ढिलाई असते किंवा डिझेलमध्ये एअर असते. इंजिन झोके घेतंय म्हणजे गव्हर्नर अजून त्याला आवरतोय.

मग हात. आवाज कलला नाही की तिसऱ्या सेकंदाची वाट न पाहता स्टॉप लिव्हर ओढायचा, किल्ली बंद करायची. इंजिन एक-दोन सेकंदांत मेलं तर ते स्वतःचंच डिझेल खात होतं आणि रॅकही हलता आहे. पुढचा तपास निवांत करता येईल.

मग डोळे. सायलेन्सरमधून निळसर-पांढरा, दाट, डोळे झोंबणारा धूर भसाभसा येत असेल आणि स्टॉप ओढूनही वेग उतरत नसेल तर ते ऑइल जळतंय. रॅक अडकून डिझेल जास्त जात असेल तर धूर बहुतेक वेळा काळा असतो. पण धुराचा रंग ठरवत उभं राहू नका. स्टॉप ओढून थांबलं नाही म्हणजे हवा बंद करायची, कारण हवा तोडण्याचा उपाय दोन्हींवर चालतो.

वर जातं आणि सावकाश खाली येतं

यात जिवाची भीती कमी, पण पंपाकडे लक्ष हवंच. इंजिन वर जाऊन पाच-दहा सेकंद रेंगाळतं आणि मग बसतं. कारण बहुतेक वेळा रॅक चिकट झालेला असतो. पावसाळाभर बंद पडलेल्या इंजिनात जुनं डिझेल सुकून रॅकवर आणि प्लंजरवर (पंपात डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यावर) चिकट थर धरतं, पाणी गेलं असेल तर गंजही येतो. इंजिन बंद असताना स्टॉप लिव्हर हातानं हलवून पाहा. तो सरळ जायला हवा आणि सोडल्यावर झटकन परत यायला हवा. मध्येच अडखळला तर इंजिन सुरूच करू नका. पंप काढून डिझेलमध्ये धुऊन घ्या. बाहेरून वंगण मारून रॅक तात्पुरता सुटतो आणि ऐन वेळी पुन्हा धरतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

ॲक्सिलरेटरची केबल अडकणं, पायाखालचं मॅट पेडलवर सरकणं, गव्हर्नरची स्प्रिंग चुकीच्या भोकात लावणं ही कारणं साधी असतात, म्हणून ती आधी बघा. जुन्या काही गाड्यांच्या पंपाला व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर असतो. त्याचा पडदा फाटला किंवा नळी निघाली तर इंजिन सुरू होताच पूर्ण वेगाला जातं, आणि नवा मिस्त्री पंपातच घुटमळत राहतो.

‘पंप चढवून देणे’ याबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं. रोटरी पंपाच्या मागे डिझेलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू असतो. पिकअप वाढावा म्हणून तो आवळून देणारे रस्त्याकडेला भेटतात. तो आवळला की आयडलिंगही वाढतं. मग ते खाली आणायला आयडलचा स्क्रू सोडतात, पुन्हा मागचा आवळतात. असं करत एका टप्प्यावर गव्हर्नरच्या हातात डिझेल कमी करायला जागाच उरत नाही. गाडी सुरू होताच वर जाते आणि वरच राहते. हा पंप बेंचवर चढवून मोजमाप घेऊनच नीट होतो. कानानं होत नाही.

स्वतःचंच डिझेल, पण आवरणारं कोणी नाही

हे माझ्या हातून झालंय. शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका खोपीत पाच हॉर्सपॉवरचं सिंगल सिलिंडर इंजिन होतं. डिझेल पंप काढून एलिमेंट (प्लंजर आणि त्याची नळी) बदललं आणि पंप परत बसवला. या इंजिनांत पंप बॉडीच्या आत उतरतो, आणि रॅकची पिन आत असलेल्या गव्हर्नरच्या लिव्हरच्या खाचेत अचूक बसावी लागते. ती बाहेरून दिसत नाही. लिव्हर बोटानं धरून, पंप किंचित हलवून, पिन खाचेत गेल्याचं हाताला कळावं लागतं. मी पंप टेकवला, दोन्ही नट आवळले आणि हँडल मारलं.

पिन खाचेच्या बाहेर होती. गव्हर्नर त्याच्या जागी काम करत होता, रॅक मात्र त्याच्याशी जोडलेलाच नव्हता आणि पूर्ण उघडा होता. इंजिन एका दमात इतकं वर गेलं की फाउंडेशनची माती उडू लागली. मी टाकीचा कॉक बंद करायला धावलो. कॉक बंद केला, तरी इंजिन चालूच. फिल्टरच्या वाटीत आणि नळीत जेवढं डिझेल होतं तेवढं त्याला पुरत होतं. आमच्या थोरल्या मिस्त्रींनी जेवायला बसायचा लाकडी पाट उचलला, फ्लायव्हीलची बाजू टाळून मागून आले आणि इनटेकच्या तोंडावर पाट दाबून धरला. एअर क्लीनर मी अजून चढवला नव्हता म्हणून तोंड उघडं होतं. पाट खसकन चिकटला, इंजिनानं दोन आचके दिले आणि गप्प झालं. त्यानंतर नदीचा आवाज ऐकू आला, तो मला अजून आठवतो. त्यांनी पंप पुन्हा काढला आणि दिवेलागणीपर्यंत माझ्याकडून दहा वेळा बसवून घेतला.

त्यातून शिकलेल्या दोन गोष्टी मी आजही पाळतो. पंप बसवल्यावर, सुरू करण्याआधी, गव्हर्नरचा लिव्हर हलवून रॅक त्याच्याबरोबर हलतोय याची खात्री करायची. काही इंजिनांत बाजूची खिडकी उघडून हे डोळ्यांनी दिसतं. आणि दुरुस्तीनंतरचं पहिलं स्टार्ट नेहमी एअर क्लीनर काढून, हाताशी सपाट फळी ठेवून करायचं.

परकं इंधन

आता खरं सुटणं. इथं पंप, रॅक, नोझल सगळं शहाण्यासारखं बंद होतं, तरी इंजिन चालतं, कारण त्याला जेवण दुसरीकडून मिळतंय.

टर्बोच्या गाड्यांत पहिला संशय टर्बोवर घ्यावा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनाच्याच ऑइलवर तरंगतो. बेरिंग झिजलं, ऑइल परत जाण्याची नळी कार्बननं चोंदली, किंवा एअर फिल्टर इतका भरला की टर्बोला ओढ बसू लागली, की ऑइल सीलमधून हवेच्या बाजूला येतं. ते इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) तळाशी साठत राहतं. मग एखाद्या घाटात जोरात ॲक्सिलरेटर दाबला की साठलेलं ऑइल एकदम सिलिंडरमध्ये जातं. वेग वाढला की टर्बो आणखी फिरतो, आणखी ऑइल ढकलतो, वेग आणखी वाढतो. हे चक्र थांबतं ते ऑइल संपून इंजिन जाम झाल्यावर, नाहीतर काहीतरी तुटल्यावर.

टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनात ही वाट ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, जाते. पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडरचा लाइनर झिजला, की चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पेटीत) दाब साचतो आणि ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून इनटेकला जाते. ऑइल बाथ (हवेतली धूळ ऑइलच्या वाटीत धरणारा) एअर क्लीनर असेल तर त्याची वाटी बघा. तिच्यावर पातळीची खूण असते. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त धूळ धरेल’ असं समजून वाटी काठोकाठ भरली, तर सुरू होताच इंजिन ते ऑइल ओढून घेतं.

चेंबरमधलं ऑइल वाढणं हे सगळ्यात फसवं लक्षण. गेज पट्टीवर पातळी खुणेच्या वर दिसली की मालक खूश होतो, इंजिन ऑइल खात नाही म्हणून. ऑइल आपणहून वाढत नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून किंवा पंपाचं एलिमेंट झिजून डिझेल खाली उतरत असतं. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस ६ गाड्यांत आणखी एक कारण आहे. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तापवून साफ करण्यासाठी कॉम्प्युटर जादा डिझेल सोडतो, आणि ती सफाई दर वेळी अर्धवट राहिली, म्हणजे रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत, तर ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवरचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका. काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरलं आणि डिझेलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. गाडी न चालवता ऑइल बदला आणि कारण शोधा.

उलटलेला ट्रॅक्टरही याच यादीत येतो. ऊसाच्या ट्रॉलीच्या ओढीनं पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर उलटतो, माणसं मिळून तो सरळ करतात आणि कोणीतरी उत्साहानं किल्ली फिरवतो. तोवर चेंबरचं ऑइल इनटेकमध्ये आणि पिस्टनच्या डोक्यावर गेलेलं असतं. मग एकतर कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर इंजिन सुटतं. नोझल काढा, इंजिन हातानं किंवा थोडं थोडं सेल्फवर फिरवून ऑइल बाहेर पडू द्या, इनटेकची नळी पुसून काढा, ऑइल नव्यानं भरा, आणि मगच सुरू करा.

आणि गॅस. हवेत जळणारी वाफ मिसळली असेल तर डिझेल इंजिन तीच हवा ओढून सुटतं. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी हायड्रोकार्बनचा ढग जमिनीवर पसरला. जवळ चालू उभा असलेला एक डिझेल पिकअप ती वाफ ओढून रेस होऊ लागला, आणि तपासात स्फोटाच्या ठिणगीचा सर्वाधिक संशय त्याच्यावरच ठेवला गेला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. रस्त्यात गॅसचा टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाण्याआधीच, लांबूनच इंजिन बंद करा. ढगात शिरल्यावर ते तुमच्या हातात राहील याची खात्री नाही. त्याच न्यायानं, थंडीत इंजिन धरत नाही म्हणून इनटेकपुढे पेट्रोलचा बोळा धरणं सोडून द्या.

सुटलेलं इंजिन थांबवणं

आधी माणसं हटवा, मुलं तर सगळ्यात आधी. फ्लायव्हीलच्या रेषेत कोणी थांबायचं नाही. फिरत्या भागांवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. १५०० वर चालणारं इंजिन ३००० वर गेलं की फ्लायव्हीलला फाडणारा जोर चौपट होतो, ४५०० वर नऊपट. बिडाचं फ्लायव्हील फुटलं तर खोपीच्या भिंतीतून तुकडा आरपार जातो.

गिअरची गाडी किंवा ट्रॅक्टर असेल आणि तुम्ही सीटवर असाल, तर सगळ्यात जवळचा उपाय पायाखालीच आहे. क्लच दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका, हँडब्रेक ओढा, फूटब्रेक पूर्ण ताकदीनं दाबा (ट्रॅक्टरचे दोन्ही पेडल एकत्र), आणि क्लच एकदम सोडा. हळू सोडला तर क्लच जळेल आणि इंजिन सुटलेलंच राहील. गाडीपुढे कोणी नसावं, कारण ती झेप घेऊ शकते. किल्ली बंदच ठेवा. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही.

उभ्या इंजिनाला हवा बंद करणं हाच राजमार्ग. सपाट, जाड, तोंडापेक्षा मोठी वस्तू हवी. फळी, पाट, जाड पत्रा किंवा जाड रबराचा तुकडा चालतो. हात कधीही लावायचा नाही. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर पूर्ण ओढ बसली तर जवळपास ८० किलोचा जोर येतो. तळवा आत खेचला जाईल, आणि टर्बो असेल तर बोटं उरणार नाहीत. फडकं, गोणपाट, प्लॅस्टिकची पिशवीही नको. ती आत जाऊन टर्बोचे किंवा व्हॉल्व्हचे तुकडे करते. एअर फिल्टर बॉक्स काढायला वेळ नसेल तर बॉक्सचं बाहेरचं तोंड झाका, पण पुढच्या नळ्यांचे क्लिप ढिले असतील तर हवा तिथून शिरत राहील हे लक्षात ठेवा.

कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक असेल तर ते इनटेकमध्ये सोडा, ऑक्सिजनच मिळत नाही म्हटल्यावर इंजिन मरतं. बंद खोलीत हे करू नका, तुम्हालाही श्वास लागतो. पावडरचं अग्निशामक यासाठी उपयोगाचं नाही, ती पावडर आतून घासते.

सिंगल सिलिंडर इंजिनाला डीकॉम्प लिव्हर असतो. रोजच्या वापरात त्यानं इंजिन बंद करायचं नाही, व्हॉल्व्हला आणि पुशरॉडला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीला) मार बसतो. पण इंजिन सुटलंय आणि फळी नाही, तर तो उचला. पुशरॉड वाकला तरी नवा मिळतो. मात्र लिव्हरपर्यंत पोचायला फ्लायव्हीलच्या समोरून जावं लागत असेल तर जाऊ नका.

नोझलच्या पाइपचा नट सोडणं हा उपाय फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनाचा, आणि तोही इंजिन स्वतःचंच डिझेल खात असेल तरच. ऑइलवर सुटलेल्या इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही. कॉमन रेल गाडीत चालू इंजिनाच्या पाइपला पाना लावायचाच नाही. तिथं दाब १६०० बारच्याही वर जाऊ शकतो. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात कापायची वेळ येते.

पाच-सात सेकंदांत यातलं काही जमलं नाही, तर पळा. भिंतीआड, फ्लायव्हीलच्या रेषेपासून दूर. इंजिनाची किंमत मोजता येते.

थांबल्यावर

लगेच पुन्हा सुरू करू नका, आणि चेंबरचं झाकणही उघडू नका. आत तापलेल्या ऑइलचं धुकं असतं, हवा लागली की भडकू शकतं. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या.

मग तपास त्याच प्रश्नावरून: कोणाचं खात होतं? इनटेकची नळी काढून आत बोट फिरवा. कोरडी असेल तर पंप, रॅक आणि गव्हर्नरकडे जा. ओली असेल तर इंटरकूलर सोडवून उलटा करा. अर्धा लिटर ऑइल गळालं तर गुन्हेगार सापडला. टर्बोचा शाफ्ट बोटांनी धरून पाहा. आडवा किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे जाणवण्याइतका हलला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला. टर्बो बदलताना इंटरकूलर आणि सगळ्या नळ्या धुतल्या नाहीत, तर आत उरलेल्या ऑइलवर गाडी नव्या टर्बोसह पुन्हा सुटेल. टर्बो ठीक असेल तर गेज पट्टी, ब्रीदर, रिंगा याच क्रमानं जा.

कारण सापडलं तरी इंजिन तसंच चालवायचं नाही. बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे) बोल्ट ताणलेले असतात, ते नवेच टाका. पुशरॉड सरळ आहेत का ते काचेवर लोळवून बघा. फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर घट्ट धरणारी पाचर) आणि चावीचा गाळा पाहा. फ्लायव्हीलला हातोडीनं हलका ठोका द्या, खणखणीत नाद आला तर ठीक, भसाड आला तर तडा शोधा.

बंद पडलेलं किंवा दुरुस्त केलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना

सुरुवात गेज पट्टीपासून. पातळी खुणेत असावी, वर नको. ऑइल बोटावर चोळून वास घ्या. मग ऑइल बाथची वाटी खुणेपर्यंतच आहे ना ते पाहून एअर क्लीनर काढून बाजूला ठेवा. जागा धुळीची असेल तर आधी पाणी शिंपडा. इनटेकच्या तोंडावर फळी एकदा टेकवून पाहा, ती नीट बसते का, कुठल्या बाजूनं पोचायचं, मध्ये बादली किंवा केबल आडवी येते का. फळी ज्याच्या हातात द्यायची त्याला आधीच सांगा, इंजिन ओरडत असताना सांगून कळत नाही.

स्टॉप लिव्हर हलवून रॅक मोकळा आहे का बघा. मग स्टॉप ओढून ठेवून, डीकॉम्प उचलून, वीस-तीस फेरे हँडलनं फिरवा म्हणजे ऑइल वर चढेल. थ्रॉटल कमीत कमी ठेवा. आता स्टॉप सोडा, हँडल मारा, आणि हँडल निघताच एक हात स्टॉपवर ठेवा.

इंजिन उसळेल. तीन सेकंद ऐका. बसलं तर दहा मिनिटं बिनलोड चालवा, मधे दोनदा स्टॉप ओढून ते लगेच मरतंय ना हे तपासा. दोन्ही वेळा मेलं तर एअर क्लीनर चढवा, बेल्ट टाका आणि पाणी सुरू करा. फळीला भोक पाडून ती इंजिनाशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवा.